रिले सेटिंगला शिस्त: हिशेबापासून फेरतपासणीपर्यंत

९ नोव्हेंबर १९६५, संध्याकाळी सव्वापाच. नायगारा नदीकाठच्या सर ॲडम बेक केंद्रातून टोरांटोकडे पाच २३० केव्ही लाइनी जात होत्या. त्यातल्या एकीचा बॅकअप रिले (लाइनवर नजर ठेवून गडबड दिसली की ब्रेकर उघडायला लावणारं राखीव उपकरण) ३७५ मेगावॉटला पिकअप होईल, म्हणजे जागा होईल, असं सेटिंग १९६३ मध्ये लावलेलं होतं. पुढे लाइनवरचा भार हळूहळू त्या आकड्याकडे सरकत गेला आणि त्या संध्याकाळी त्याने तो ओलांडला. लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, तिचा भार बाकीच्या चौघींवर पडला आणि काही सेकंदांत त्याही गेल्या. सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. काही भागांत वीज परत यायला १३ तास लागले.

१४ ऑगस्ट २००३ ला ओहायोमधली सॅमिस-स्टार ही ३४५ केव्ही लाइन झोन-३ वर, म्हणजे रिले सगळ्यात दूरवर बघतो त्या बॅकअप टप्प्यावर, ट्रिप झाली. लाइनवर फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, नव्हताच. व्होल्टेज खाली आलेलं, करंट चढलेला, आणि दोन्हींचा भागाकार, म्हणजे रिलेला दिसणारा इम्पिडन्स, नेमका झोन-३ च्या वर्तुळात. त्यानंतर अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाइनही तशीच गेली: झोन-३, फॉल्ट नाही, नुसता भार. उत्तर भारताची ग्रिड पडली आणि दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा भाग पडला.

तिन्ही वेळा रिले बिघडलेला नव्हता. सांगितलं होतं तेच त्याने चोख केलं. चूक सेटिंगच्या आकड्यात होती. खरं तर आकडा लावला त्या दिवशी तो बरोबरही असेल, नंतर ग्रिड बदलली आणि आकडा तिथेच राहिला. म्हणून सेटिंगचं नियमन म्हणजे फक्त सूत्रं बरोबर वापरणं नाही. आकड्याला मर्यादा घालणं, त्याला एक जबाबदार माणूस देणं आणि तो पुन्हा कधी तपासायचा हे आधीच ठरवून ठेवणं, हे तिन्ही त्यात येतं. खालची कामाची पद्धत याच क्रमाने जाते. एखाद्या कंपनीच्या प्रोटेक्शन विभागात बसलेल्याला ती उपयोगी आहे आणि दुसऱ्याची सेटिंग तपासायला बसलेल्यालाही.

आधी यादी

हिशेबाला हात घालण्याआधी प्रत्येक रिलेची नोंद एका जागी आणा. उपकेंद्र, बे (उपकेंद्रातला एका लाइनचा कप्पा), रिलेचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, सीटी आणि व्हीटी (करंट आणि व्होल्टेज रिलेजोगे लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) यांचं गुणोत्तर, सेटिंग लावल्याची तारीख, लावणारा आणि मंजूर करणारा. एवढं बहुतेक ठिकाणी सापडतं. सापडत नाही तो शेवटचा रकाना: हा आकडा का. "झोन-३ कमी केला, कारण शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या लो साइडपर्यंत पोहोच जात होती" अशी एक ओळ लिहिलेली असेल, तर पाच वर्षांनी येणारा माणूस तो आकडा आंधळेपणाने "दुरुस्त" करणार नाही.

मग कागदावरचं सेटिंग आणि रिलेतलं सेटिंग यांची गाठ घाला. रिलेतून फाइल उतरवून घ्या आणि मंजूर फाइलशी ओळ-ओळ ताडून बघा. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामात सगळ्यात जास्त घबाड सापडतं. सीटी बदलल्याचं प्रकरण त्यातलं नेहमीचं. समजा डिस्टन्स रिलेचा (इम्पिडन्सवरून फॉल्ट किती दूर ते ठरवणाऱ्या रिलेचा) झोन-१, म्हणजे लगेच ट्रिप देणारा जवळचा टप्पा, सेकंडरीत (सीटी-व्हीटीच्या रिलेकडच्या बाजूला) १४.६५ ओहम आहे, सीटी १०००/१ आणि व्हीटी ४०० केव्ही/११० व्होल्ट. सेकंडरी ओहम म्हणजे प्रायमरी ओहम गुणिले सीटी गुणोत्तर भागिले व्हीटी गुणोत्तर, इथे ०.२७५ ने गुणायचं. म्हणजे प्रायमरीत पोहोच ५३.३ ओहम. आता बेची क्षमता वाढवताना सीटी २०००/१ चा बसवला आणि रिलेत काहीच बदललं नाही, तर तेच १४.६५ ओहम प्रायमरीत २६.६ होतात. ८० टक्के लाइन बघणारा झोन-१ आता ४० टक्केच बघतो. कुणाला पत्ता लागत नाही, कारण लाइन व्यवस्थित चालू असते. मधल्या भागातला फॉल्ट झोन-२ च्या, म्हणजे थोडं थांबून चालणाऱ्या पुढच्या टप्प्याच्या, वेळेने जातो तेव्हाच हे उघडं पडतं.

फॉल्ट स्टडी: दोन टोकं

ग्रिडचं मॉडेल जितकं खरं, तितकं सेटिंग खरं. किमान दोन परिस्थिती चालवा. एक, सगळे स्रोत चालू असताना जास्तीत जास्त फॉल्ट करंट. दुसरी, मागचा सगळ्यात तगडा स्रोत किंवा लाइन बंद असताना कमीत कमी करंट. पहिलीवरून ओव्हररीच (ठरवल्यापेक्षा पुढे बघणं) आणि ग्रेडिंग (रिलेंच्या वेळांचा क्रम) तपासलं जातं, दुसरीवरून रिले पिकअप होतो की नाही ते.

दोन ठिकाणी विशेष सावध राहा. लाइनचा झिरो सीक्वेन्स इम्पिडन्स (जमिनीवाटे परतणाऱ्या करंटला लागणारा) जमिनीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. हिशेबाने काढलेला आणि प्रत्यक्ष मोजलेला यांत चांगलाच फरक पडू शकतो, म्हणून महत्त्वाच्या लाइनवर मोजणी करून घ्यावी. एकाच टॉवरवर दोन सर्किट असतील तर म्युच्युअल कपलिंगमुळे (एका सर्किटच्या करंटच्या दुसऱ्यावरच्या प्रभावामुळे) अर्थ फॉल्टला रिलेची पोहोच सरकते. शेजारचं सर्किट चालू असताना, बंद असताना आणि बंद करून दोन्ही टोकांना अर्थ केलेलं असताना, या तिन्ही स्थिती बघायला हव्यात. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरवर चालणारे स्रोत. सौर आणि पवन केंद्रं सिंक्रोनस जनरेटरसारखा फॉल्ट करंट देत नाहीत. तो साधारण रेटेड करंटच्या आसपासच थांबतो, आणि निगेटिव्ह सीक्वेन्स करंट (तीन फेजमधला असमतोल दाखवणारा भाग) किती येईल ते इन्व्हर्टरच्या कंट्रोलवर ठरतं. अशा केंद्राजवळच्या रिलेच्या दिशेचा घटक निगेटिव्ह सीक्वेन्सवर बेतलेला असेल, तर तो फसू शकतो. त्यांना मॉडेलमध्ये जुन्या पद्धतीने "एक व्होल्टेज स्रोत आणि मागे रिॲक्टन्स" असं घालू नका.

बाजू ठरवून टाका

संरक्षणाच्या दोन मागण्या एकमेकींना ओढतात: हवा तेव्हा रिले हमखास चालला पाहिजे आणि नको तेव्हा गप्प बसला पाहिजे. प्रत्येक लाइनपाशी हा वाद नव्याने घालत बसू नका. तत्त्व एकदाच लिहून काढा. माझं मत असं: ज्या लाइनवर मेन-१ आणि मेन-२ असे दोन स्वतंत्र रिले आहेत, ब्रेकर फेल्युअर म्हणजे एलबीबी (एखादा ब्रेकर उघडला नाही तर आजूबाजूचे उघडणारं संरक्षण) आहे आणि बसबारचं (उपकेंद्रात सगळ्या लाइनी जोडतात त्या वाहकाचं) संरक्षण आहे, तिथे "हमखास चालण्या"ची सोय आधीच झालेली आहे. तिथे दूरच्या बॅकअपला, म्हणजे झोन-३ ला, गप्प राहण्याकडे झुकवावं. जिथे यातलं काही नाही तिथेच झोन-३ वर भिस्त ठेवावी, आणि ती ठेवताना ते "काही" कधी बसवणार याची तारीखही लिहावी.

डिस्टन्स रिलेचा हिशेब

उदाहरण घेऊ. ४०० केव्ही लाइन, लांबी २०० किमी, पॉझिटिव्ह सीक्वेन्स इम्पिडन्स ०.०३ + जे ०.३३२ ओहम प्रति किमी. एकूण सुमारे ६६.६ ओहम, कोन ८५ अंश. पलीकडच्या बसवरून निघणारी सगळ्यात छोटी लाइन १०० किमी, सगळ्यात लांब २४० किमी, तीही त्याच प्रकारच्या वाहकाची. म्हणजे ३३.३ आणि ७९.९ ओहम.

झोन-१: लाइनच्या ८० टक्के, ५३.३ ओहम, मुद्दाम दिलेला विलंब नाही. उरलेले २० टक्के सीटी, व्हीटी आणि इम्पिडन्सच्या आकड्यांतल्या चुकांसाठी सोडलेले असतात. लाइन फार छोटी आणि मागचा स्रोत कमजोर असेल, तर हे अंतर पुरत नाही. सीव्हीटीचा (कपॅसिटरवर चालणाऱ्या व्हीटीचा) ट्रान्झियंट, म्हणजे क्षणिक हेलकावा, झोन-१ ला पुढे ढकलतो. तिथे डिफरेन्शियल (दोन्ही टोकांचे करंट ताडून बघणारं) संरक्षणच हवं, टक्के कमी करत बसण्यात अर्थ नाही.

झोन-२: पलीकडची बस नक्की दिसली पाहिजे, म्हणून किमान १२० टक्के, ८० ओहम. वरची हद्द तपासा: शेजारच्या छोट्या लाइनच्या झोन-१ च्या पलीकडे जाता कामा नये, म्हणजे ६६.६ अधिक ३३.३ चे ८० टक्के, ९३.२ ओहम. बसलं.

झोन-३: जुन्या रिवाजाने लाइन अधिक सगळ्यात लांब शेजारी, त्याच्या १२० टक्के. १४६.५ चे १२० टक्के म्हणजे १७५.८ ओहम. खरा घोळ इथेच सुरू होतो.

आकडा सेकंडरीत उतरवताना ०.२७५ ने गुणा: अनुक्रमे १४.६५, २२.० आणि ४८.३ ओहम. अर्थ फॉल्टसाठी रेसिड्युअल कॉम्पेन्सेशनचा गुणांक (जमिनीच्या वाटेचा इम्पिडन्स जमेस धरणारा) घालताना एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून बघा. काही रिले तो एकच कॉम्प्लेक्स आकडा म्हणून मागतात, झेड शून्य वजा झेड एक, भागिले तीन झेड एक. काही रिले रेझिस्टन्सचं आणि रिॲक्टन्सचं गुणोत्तर वेगवेगळं मागतात. जुन्या रिलेच्या जागी दुसऱ्या बनावटीचा बसवताना आकडा तसाच उचलून टाकला, की फेज फॉल्टला रिले बरोबर आणि अर्थ फॉल्टला चूक. आणि ओव्हरहेड लाइनवर बहुतेक फॉल्ट अर्थचेच असतात.

भाराची कसोटी

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. २००३ नंतर उत्तर अमेरिकेच्या विश्वासार्हता संस्थेने, नेर्कने, सर्व मोठ्या लाइनींच्या रिलेंना एक कसोटी लावली. तीच पुढे पीआरसी-०२३ या बंधनकारक मानकात आली. मार्च २०१० मध्ये तिथल्या केंद्रीय आयोगाने, फर्कने, आदेश क्रमांक ७३३ ने त्याला मान्यता दिली. त्यातला पहिला निकष असा: लाइनच्या सुमारे चार तासांच्या, ऋतूंमधल्या सर्वाधिक रेटिंगच्या १५० टक्के करंटपर्यंत रिले चालता कामा नये. व्होल्टेज ०.८५ पर युनिट आणि पॉवर फॅक्टरचा कोन ३० अंश धरायचा. तुमच्या ग्रिडला हे मानक लागू असो वा नसो, कसोटी वापरण्यासारखी आहे, कारण ग्रिड कोसळण्याच्या आधीच्या काही मिनिटांत लाइन नेमकी याच स्थितीत असते.

आपल्या लाइनचं चार तासांचं रेटिंग १५०० अँपिअर धरू. १५० टक्के म्हणजे २२५०. व्होल्टेज ४०० च्या ८५ टक्के, ३४० केव्ही. भाराचा इम्पिडन्स ३,४०,००० भागिले (१.७३२ गुणिले २२५०), ८७.२ ओहम, ३० अंशांवर. रिलेचं म्हो वर्तुळ (झोनची सीमा दाखवणारं) ८५ अंशांकडे झुकलेलं. ३० अंशांवर त्याची पोहोच १७५.८ गुणिले कॉस ५५ अंश, म्हणजे १००.८ ओहम. ८७.२ हे १००.८ पेक्षा कमी. भार वर्तुळाच्या आत आला. नापास.

उलटा हिशेब करून बघा, म्हणजे गांभीर्य कळेल. ३४० केव्हीला १००.८ ओहम म्हणजे सुमारे १९४७ अँपिअर, रेटिंगच्या १३० टक्के, पॉवर सुमारे ९९० मेगावॉट. शेजारची लाइन गेल्यावर आणि व्होल्टेज पडल्यावर या लाइनवर एवढा करंट येणं अजिबात अशक्य नाही. वाहक तापत असतो, पण ऑपरेटरच्या हाताशी भार हलवायला अजून काही मिनिटं असतात. रिले ती मिनिटं सेकंदभरात संपवून टाकतो.

उपाय तीन. पहिला, पोहोच कमी करा. कसोटीत बसणारी कमाल पोहोच ८७.२ भागिले ०.५७४, म्हणजे १५२ ओहम. शेजारच्या लांब लाइनच्या टोकापर्यंत १४६.५ ओहम, म्हणजे कागदावर जेमतेम निभावतं. दुसरा, वर्तुळ तसंच ठेवून भाराच्या दिशेने कात्री लावा. न्यूमेरिकल रिलेत लोड एन्क्रोचमेंट किंवा लोड ब्लाइंडर असतो. ३५ अंशांच्या आत आणि ७८ ओहमच्या पलीकडे काही दिसलं तर तो भार समजायचा आणि ट्रिप द्यायचा नाही. ७८ का, तर ८७.२ च्या आत दहा टक्क्यांचं अंतर. तिसरा, चौकोनी कॅरेक्टरिस्टिक वापरून रेझिस्टिव्ह पोहोच भाराच्या आधीच थांबवा.

मला विचाराल तर दुसरा उपाय पहिल्याहून चांगला, पण दोन्हींआधी एक प्रश्न विचारा: हा झोन-३ मुळात काही बघतोय का? पलीकडच्या बसवर दुसरे स्रोत असतात. शेजारच्या लाइनच्या टोकाला फॉल्ट झाला आणि त्या बसवरून आपल्या करंटच्या दुप्पट करंट त्यात मिसळला, तर आपल्या रिलेला तो शेजारी तिप्पट लांब दिसतो: ६६.६ अधिक तीन गुणिले ७९.९, सुमारे ३०६ ओहम. १७५.८ ची पोहोच तिथे जाणारच नाही. म्हणजे जो बॅकअप आपण भाराची जोखीम पत्करून ठेवला, तो फॉल्टच्या वेळी आंधळाच. घट्ट विणलेल्या ग्रिडमध्ये दूरचा बॅकअप बहुधा असाच असतो. त्याऐवजी पलीकडच्या उपकेंद्रात एलबीबी आणि दुसरा मेन रिले बसवण्यावर खर्च केलेला बरा.

झोन-३ ची सवय इतकी पक्की असते, की ही तपासणी फक्त त्यालाच लावली जाते. तशी नको. फेज ओव्हरकरंट बॅकअप, स्विच-ऑन-टू-फॉल्ट (फॉल्टवरच लाइन चालू केली तर लगेच ट्रिप देणारं) आणि पीटी, म्हणजे व्हीटीचा, फ्यूज फेल झाल्यावर आपोआप जागा होणारा इमर्जन्सी ओव्हरकरंट, यांनाही तोच १५० टक्क्यांचा प्रश्न विचारा. १९६५ मध्ये गेला तोही बॅकअप रिलेच होता.

वेळांची साखळी

झोन-२ किती थांबायचा? पलीकडच्या बसवरच्या ब्रेकरने दगा दिला तर आधी तिथल्या एलबीबीला काम करू द्यायचं. तिथला मेन रिले ३० मिलिसेकंद, एलबीबीचा टायमर २००, बाकीचे ब्रेकर उघडायला ६०, आपल्या झोन-२ ला रिसेट व्हायला आणि राखीव म्हणून ६०. एकूण ३५०. म्हणून झोन-२ ला ३५० मिलिसेकंदांच्या खाली आणू नये. २०० चा एलबीबी कुणी "सुरक्षित राहू दे" म्हणून ३०० केला, तर इकडचा झोन-२ त्याच्या आधी उडेल आणि एका ब्रेकरच्या बिघाडात दुसऱ्याच उपकेंद्राची लाइन जाईल. एलबीबीचा आकडा बदलायचा तर आजूबाजूच्या सगळ्या झोन-२ च्या मालकांना विचारल्याशिवाय नाही.

ओव्हरकरंट ग्रेडिंग सगळ्यांना येतं, म्हणून थोडक्यात. आयईसी स्टँडर्ड इनव्हर्समध्ये (टीएमएस हा वेळेचा गुणक, पीएसएम म्हणजे फॉल्ट करंट पिकअपच्या किती पट) वेळ म्हणजे टीएमएस × ०.१४ ÷ (पीएसएमचा ०.०२ घात − १). खालच्या रिलेचा पिकअप ४०० अँपिअर, टीएमएस ०.१, फॉल्ट ४००० अँपिअर: पीएसएम १०, वेळ ०.२९७ सेकंद. वरच्याचा पिकअप ८०० अँपिअर, पीएसएम ५. न्यूमेरिकल रिलेंमध्ये ०.३ सेकंदांचं अंतर ठेवायचं तर त्याला ०.५९७ लागतात. टीएमएस १ ला ४.२८ सेकंद येतात, म्हणून टीएमएस ०.१४. जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल असतील तर अंतर ०.४ धरा, चकतीचा ओव्हरशूट त्यात येतो. फक्त हे कमाल फॉल्टला तपासून थांबू नका. वक्र एकमेकांना कुठे छेदतात का ते संपूर्ण पट्ट्यात बघा.

पॉवर स्विंग

मोठा धक्का बसला की जनरेटर एकमेकांच्या मागेपुढे झुलतात आणि रिलेला दिसणारा इम्पिडन्स फिरतो. स्थिर स्विंग असेल तर तो झोनमध्ये येऊन परत जातो. तेवढ्यात ट्रिप झाली तर वाचणारी ग्रिड आपण पाडतो. ओळखायची रीत जुनीच: फॉल्टमध्ये इम्पिडन्स एका उडीत आत येतो, स्विंगमध्ये सरकत येतो. बाहेरच्या आणि आतल्या सीमेमधल्या अंतराला किती वेळ लागला हे रिले मोजतो.

टायमर असा काढायचा. दोन सीमांमध्ये झुलणाऱ्या जनरेटरच्या कोनात १८ अंशांचा फरक पडतो असं धरा. एक हर्ट्झ स्लिपला (दोन बाजूंच्या फ्रीक्वेन्सीतल्या फरकाला) सेकंदाला ३६० अंश, म्हणजे १८ अंशांना ५० मिलिसेकंद. टायमर ४० ला लावला तर १.२५ हर्ट्झपर्यंतचा स्विंग पकडला जाईल. बाहेरची सीमा मोठी केली की वेळ जास्त मिळतो, पण ती भाराच्या इम्पिडन्सपर्यंत पोहोचली की दुसरीच पंचाईत. वरचे ८७.२ ओहम इथे पुन्हा लागतात: बाहेरची सीमा त्याच्या आत.

स्विंग ओळखून ट्रिप रोखलेल्या, म्हणजे ब्लॉक केलेल्या अवस्थेत खरा फॉल्ट आला तर निगेटिव्ह किंवा झिरो सीक्वेन्स करंटवर ब्लॉकिंग सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर संरक्षणच नाही. आणि ग्रिड खरोखर फुटणार असेल तर ती कुठे फोडायची हे एकेका लाइनच्या इंजिनिअरने ठरवायचं नसतं. स्थिरतेचा अभ्यास करून, दोन्ही तुकड्यांत निर्मिती आणि भार जुळेल अशा जागा निवडाव्या लागतात. आउट-ऑफ-स्टेप ट्रिप तिथेच आणि बाकी ठिकाणी ब्लॉक.

संच, इन्व्हर्टर आणि फ्रीक्वेन्सी

लाइनींचं सगळं बरोबर असूनही जनरेटर आधी पळाले तर उपयोग शून्य. इथे तपासायचं एवढंच, की संरक्षणाच्या आधी नियंत्रणाला संधी मिळते का. उदाहरणार्थ, एक्साइटरचा (जनरेटरला चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या यंत्रणेचा) अंडरएक्सायटेशन लिमिटर हा लॉस-ऑफ-फील्ड रिलेच्या आधी जागा झाला पाहिजे. दोन्ही वक्र एकाच पी-क्यू (ॲक्टिव्ह आणि रिॲक्टिव्ह पॉवरच्या) आलेखावर काढा. वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या कागदांवर ते कधीच भेटत नाहीत.

फ्रीक्वेन्सीचंही तेच. ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये लोड शेडिंगचा शेवटचा टप्पा ४८.८ ला असेल आणि एखादा संच ४९ ला ट्रिप होत असेल, तर भार कमी होण्याआधी निर्मितीच कमी होते. संचाच्या टर्बाइनला खरोखर किती खाली चालतं हे निर्मात्याकडून लेखी घ्या. अनेकदा ४९ हा आकडा कुणीतरी काळजीपोटी घातलेला असतो.

१६ ऑगस्ट २०१६ ला दक्षिण कॅलिफोर्नियात ब्लू कट या वणव्याने लाइनींवर फॉल्ट झाले. फॉल्ट व्यवस्थित तुटले, पण सुमारे १,२०० मेगावॉट सौरनिर्मिती गळाली. मोठं कारण हे की, काही इन्व्हर्टरनी व्होल्टेजच्या लहरीतल्या क्षणिक झटक्यावरून फ्रीक्वेन्सी चुकीची मोजली आणि लगेच ट्रिप दिली. इन्व्हर्टरमधला आकडा हाही रिले सेटिंगच आहे. तो निर्मात्याच्या फॅक्टरी डीफॉल्टवर सोडू नका. फ्रीक्वेन्सी काही सायकल मोजल्याशिवाय ट्रिप नाही, एवढी अट तरी करारातच घाला.

लावणं आणि तपासणं

हिशेब करणारा आणि तपासणारा वेगळा असला पाहिजे. तपासणाऱ्याने पहिल्याचा तक्ता वाचून सही करायची नसते, लाइनच्या मूळ माहितीपासून स्वतः सुरुवात करायची असते. सेटिंग रिलेत चढवल्यावर फाइल परत उतरवा आणि ताडा. सेकंडरी इंजेक्शनने (रिलेला बाहेरून करंट-व्होल्टेज देऊन) झोनच्या कडा तपासा, विशेषतः ३० अंशांवर, लाइनच्या कोनावर नव्हे. लोड ब्लाइंडरची परीक्षा तिथेच होते. लाइन चार्ज झाल्यावर चालू भारावर रिले कोणती दिशा दाखवतो ते बघा. सीटीची पोलॅरिटी उलटी असेल तर इथे लगेच कळतं. बघितलं नाही तर फॉल्टच्या दिवशी कळेल.

सेटिंग ग्रुप (रिलेत साठवलेले सेटिंगचे पर्यायी संच) बदलायची सोय असेल, तर कोणता ग्रुप चालू आहे हे कंट्रोल रूममध्ये दिसायला हवं.

पुन्हा कधी

फेरतपासणीचे दोन प्रकार ठेवा, कॅलेंडरवरचे आणि घटनेवरचे. नेर्कच्या पीआरसी-०२७ मध्ये समन्वयाचा अभ्यास सहा वर्षांच्या आत करा, किंवा मग फॉल्ट करंटमध्ये १५ टक्के किंवा जास्त फरक पडला की करा, असे पर्याय आहेत. दुसरा पर्याय मला जास्त शहाणपणाचा वाटतो, पण त्यासाठी फॉल्ट करंटचा पाया नोंदवलेला असावा लागतो आणि मॉडेल ताजं असावं लागतं. बहुतेकांना हे जमत नाही म्हणून ते सहा वर्षांवर जातात. रिलेच्या देखभालीचा काळ वेगळा. पीआरसी-००५ प्रमाणे स्वतःवर लक्ष ठेवणाऱ्या मायक्रोप्रोसेसर रिलेला जास्तीत जास्त १२ वर्षं, बाकीच्यांना ६. देखभाल झाली म्हणजे सेटिंग तपासलं असं होत नाही. दोन्ही कामांवर वेगळ्या सह्या घ्या.

घटनांची यादी अशी: शेजारी नवी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर, सीटी किंवा व्हीटीत बदल, लाइनचं रेटिंग वाढवणं, जवळ नवं सौर किंवा पवन केंद्र, जुना संच निवृत्त होणं, आणि कोणतीही न समजलेली ट्रिप. यातलं रेटिंग सगळ्यात जास्त विसरलं जातं. वाहक बदलला किंवा हवामानानुसार रेटिंग देणं सुरू केलं, की ऑपरेटरला जास्त करंट न्यायची परवानगी मिळते आणि रिले अजून जुन्या १५०० अँपिअरच्या हिशेबावर बसलेला असतो. रेटिंगच्या आदेशावर प्रोटेक्शन विभागाची सही असल्याशिवाय तो लागू होऊ नये, एवढा एक नियम केला तरी निम्मा धोका टळतो.

ट्रिपनंतर डिस्टर्बन्स रेकॉर्डरची फाइल दोन्ही टोकांकडून घ्या. घड्याळं जीपीएसला जोडलेली नसतील तर कोण आधी गेला यावर नुसता वाद होतो. रिले चालला तो बरोबर होता का, चालायला हवा होता आणि चालला नाही असा कुणी होता का, हे दोन्ही प्रश्न विचारायचे. दुसरा बहुतेक वेळा राहून जातो. पीआरसी-००४ मध्ये ट्रिप चुकीची होती का हे ठरवायला १२० दिवस दिलेले आहेत. सोपी प्रकरणं आठवड्यात निकाली निघायला हवीत, नाहीतर रेकॉर्डरमधली फाइल नव्या घटनांखाली पुसली जाते.

तपासणीला बाहेरून येणाऱ्याने प्रत्येक आकडा पुन्हा काढत बसू नये, तेवढा वेळ कुणालाच नसतो. दहा लाइनी निवडा: सगळ्यात जास्त भाराच्या चार, गेल्या वर्षात काही बदल झालेल्या चार, आणि दोन अशा की ज्यांच्याकडे कुणी वर्षानुवर्षं बघितलेलं नाही. प्रत्येकीच्या रिलेतून तुमच्यासमोर फाइल उतरवून घ्या, ३० अंशांवरचा इम्पिडन्स स्वतः काढा, आणि झोन-३ का ठेवला हे लिहिलेलं मागा.

शेवटी तात्पुरती सेटिंग. एखादी लाइन दुरुस्तीला घेतली, बायपास बे वापरला किंवा मेन-२ बंद ठेवावा लागला, की चार दिवसांसाठी झोन-२ चा वेळ कमी केला जातो किंवा ओव्हरकरंट खाली आणला जातो. अशा प्रत्येक बदलाच्या परवान्यावर संपण्याची तारीख आणि परत जुनं सेटिंग लावणाऱ्याचं नाव छापलेलं असावं. ती तारीख उलटली की कंट्रोल रूमच्या पाळीच्या नोंदवहीत दर पाळीला तो बदल लाल शाईने पुढे चढवत न्यायचा, रिलेतून उतरवलेली मूळ सेटिंगची फाइल हाती येईपर्यंत.